हायड्राइड अतिवाहकांची क्रमवारी : गुण कशाला द्यायचे आणि कसे?

मेघमल्हार (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

हायड्रोजनचे प्रमाण भरपूर असलेली काही संयुगे (हायड्राइडे) प्रचंड दाबाखाली बऱ्याच वरच्या तापमानाला अतिवाहक होतात, म्हणजे त्यांचा वीजरोध शून्य होतो, हे येथे अनेकांना ठाऊक आहे. नील ॲशक्रॉफ्ट यांनी १९६८ मध्ये धातुरूप हायड्रोजनच्या संदर्भात ही शक्यता मांडली. २००४ मध्ये त्यांनी तिच्यासाठी तुलनेने सोपी वाट सुचवली : हायड्रोजन दुसऱ्या मूलद्रव्याच्या जाळीत बसवला, तर ती जाळीच त्याला आतून आवळून धरेल आणि बाहेरून द्यावा लागणारा दाब कमी होईल. २०१५ मध्ये जर्मनीतील माइंट्स येथे मिखाईल एरेमेट्स यांच्या गटाने सल्फर हायड्राइडमध्ये सुमारे १५५ गिगापास्कल दाबाखाली २०३ केल्विनला अतिवाहकता दाखवली. २०१९ मध्ये लॅन्थॅनम डेकाहायड्राइडने १७० गिगापास्कलच्या आसपास २५० केल्विन, म्हणजे उणे २३ अंश सेल्सियस, गाठले. एक गिगापास्कल म्हणजे साधारण दहा हजार वातावरणांचा दाब, हे लक्षात घेतले की या आकड्यांचे वजन कळते.

आता अडचण उमेदवारांच्या गर्दीची आहे. संगणकावर रचना शोधून संक्रमण तापमान (ज्याच्या खाली पदार्थ अतिवाहक होतो ते तापमान) काढण्याच्या पद्धती इतक्या पुढे गेल्या आहेत की कागदावरच्या उमेदवारांची संख्या प्रयोगशाळांच्या आवाक्याबाहेर गेली आहे. त्यांतले पुढील अभ्यासासाठी कोणते घ्यायचे, हे ठरवायला गुणांची काही पद्धत हवी. ती आपण मिळून घडवावी, एवढ्यासाठी हा धागा काढला आहे.

एक निर्देशांक आधीच रूढ आहे. पिकार्ड, एरेआ आणि एरेमेट्स यांनी २०२० च्या आढावा लेखात तो मांडला. संक्रमण तापमानाला एका वर्गमुळाने भागायचे. त्या वर्गमुळाच्या आत ३९ चा वर्ग आणि गिगापास्कलमधील दाबाचा वर्ग यांची बेरीज असते. ३९ केल्विन हे मॅग्नेशियम डायबोराइडचे संक्रमण तापमान असल्याने त्या पदार्थाचा निर्देशांक बरोबर १ येतो. मी काही आकडे हाताने काढले. सल्फर हायड्राइड १.२७, लॅन्थॅनम डेकाहायड्राइड १.४३. कॅल्शियम हेक्साहायड्राइड (२१५ केल्विन, १७२ गिगापास्कल) १.२२. सिरियम डेकाहायड्राइडचे तापमान फक्त ११५ केल्विन असले, तरी दाब ९५ गिगापास्कलपर्यंत खाली येत असल्याने तेही १.१२ पर्यंत पोचते. तुलनेसाठी, दाबाशिवाय १३४ केल्विनच्या आसपास अतिवाहक होणाऱ्या पाऱ्याच्या क्युप्रेटचा (तांबे आणि ऑक्सिजन असलेल्या संयुगाचा) निर्देशांक ३.४ आहे.

माझा प्रस्ताव असा : एकूण १०० गुण. त्यांतले ४० या निर्देशांकाला, २० रचनेच्या स्थैर्याला, २० संयुग तयार करण्याच्या सुलभतेला, १० गणिताच्या विश्वासार्हतेला आणि १० मूलद्रव्यांच्या उपलब्धतेला व सुरक्षिततेला. सगळ्यांची बेरीज करून क्रमवारी लावायची. यातले काय टिकते आणि काय टिकत नाही, हे जाणकारांनी सांगावे.

अनाहत

धागा अतिशय गरजेचा आहे आणि आकडेमोडही बरोबर आहे. तरी एका गोष्टीकडे लक्ष वेधतो, कारण पुढचे सगळे तिच्यावर अवलंबून आहे. आपण दिलेले सर्व निर्देशांक मोजलेल्या आकड्यांवरून काढलेले आहेत, आणि क्रमवारी मात्र न मोजलेल्या पदार्थांची लावायची आहे. या दोहोंत किती अंतर पडू शकते, ते एकाच उदाहरणाने दाखवतो.

लॅन्थॅनम, बेरिलियम आणि हायड्रोजन यांचे एक त्रिघटकी संयुग आहे. त्यात एका लॅन्थॅनममागे एक बेरिलियम आणि आठ हायड्रोजन अणू असतात. २० गिगापास्कलइतक्या कमी दाबालाही ते टिकेल आणि १८५ केल्विनला अतिवाहक होईल, असे २०२२ मध्ये गणिताने सुचवले गेले. आपल्या सूत्रात हे आकडे घातले की निर्देशांक ४.२ येतो, म्हणजे पाऱ्याच्या क्युप्रेटच्याही वर. २०२३ मध्ये ते संयुग खरोखर तयार झाले, तेव्हा ११० केल्विन आणि ८० गिगापास्कल हे आकडे हाती आले. आता निर्देशांक किती? १.२४. पदार्थ तोच, आणि यशही मोठेच, कारण एवढ्या दाबाला शंभर केल्विनच्या पुढे जाणे ही किरकोळ बाब नाही. तरीही कागदावरच्या गुणांतला एक तृतीयांशाहून कमी भाग प्रत्यक्षात उरला.

फरक पडण्याचे मुख्य कारण तापमानाच्या गणितात नसून दाबाच्या आकड्यात आहे. 'रचना २० गिगापास्कलला टिकते' याचा अर्थ एवढाच की त्या रचनेतल्या अणूंची सगळी कंपने स्थिर आहेत, ती आपणहून कोसळत नाही. त्या दाबाला ती तयार होईल, असा त्याचा अर्थ होत नाही. तयार होण्यासाठी तिची ऊर्जा स्पर्धक संयुगांच्या तुलनेत पुरेशी कमी असावी लागते आणि तो दाब बहुधा बराच वरचा असतो. म्हणून निर्देशांकात कोणता दाब घालायचा, हे नियमातच लिहून ठेवावे. मी तयार होण्याचा दाब घालतो आणि टिकून राहण्याचा दाब वेगळ्या रकान्यात ठेवतो.

दुसरी बाब अणुकंपनांच्या गणिताची. हायड्रोजन इतका हलका आहे की त्याची कंपने साध्या स्प्रिंगसारखी धरून चालत नाही. पॅलेडियम हायड्राइडचे उदाहरण या क्षेत्रात प्रत्येकाने समोर ठेवावे. साध्या स्प्रिंगच्या गृहीतकावर केलेल्या गणितात त्याचे संक्रमण तापमान ४७ केल्विन येते. कंपनांचे खरे, वाकडे स्वरूप धरले की ते ५ केल्विनपर्यंत खाली येते. आणि मोजलेले तापमान ९ केल्विनच्या आसपास आहे. हा परिणाम नेहमी नुकसानच करतो असेही नाही. लॅन्थॅनम डेकाहायड्राइडची अत्यंत सममित रचना ज्या दाबांना प्रत्यक्ष दिसते, त्यांतल्या बऱ्याच दाबांना जुन्या पद्धतीच्या गणिताने ती मोडायला हवी होती. हायड्रोजनच्या पुंज-कंपनांमुळेच (क्वांटम कंपनांमुळेच) ती तगून राहते, असे २०२० मध्ये दाखवले गेले. दुरुस्ती कोणत्या दिशेने होईल हे आधी सांगता येत नाही. त्यामुळे साध्या गणितावर थांबलेल्या उमेदवाराला गुणांचा एक आकडा न देता किमान ते कमाल असा पट्टा द्यावा, आणि तो पट्टा रुंद असावा.

सह्यवेडी

मी प्रयोगाच्या बाजूची आहे, म्हणून बेरजेच्या पद्धतीबद्दलच बोलते. गुणांची बेरीज केली की एका विषयातले अपयश दुसऱ्या विषयातल्या गुणांनी भरून निघते. शाळेच्या निकालात ते चालत असेल. येथे चालत नाही. लिथियम आणि मॅग्नेशियमचे सोळा हायड्रोजनवाले एक संयुग २०१९ मध्ये सुचवले गेले आहे. २५० गिगापास्कलला त्याचे तापमान ४७३ केल्विन येते. निर्देशांक १.८७. आपल्या तक्त्यात ते निर्देशांकाचे, मूलद्रव्यांचे आणि गणिताचे गुण मिळवून सहज निम्म्याच्या पुढे जाईल आणि 'तयार करण्याची सुलभता' या रकान्यात शून्य मिळाले तरी यादीत मानाने बसेल. जो पदार्थ बनतच नाही, त्याचे बाकीचे सगळे गुण शून्य धरायला हवेत. म्हणजे बेरजेऐवजी गुणाकार हवा, आणि त्यातला एक अवयव 'हे बनण्याची शक्यता किती' हा असावा.

हा अवयव मी इतका का धरून बसले आहे, ते समजण्यासाठी एक भरणी कशी होते ते सांगते. नमुना ज्यांच्यामध्ये दाबायचा, त्या दोन हिऱ्यांची टोके घासून पन्नास मायक्रॉनच्या आसपास, क्वचित त्याहूनही बारीक केलेली असतात. त्यांच्यामध्ये धातूची पातळ चकती आणि तिच्या मधोमध केसाच्या जाडीहूनही लहान भोक असते. वीजरोध मोजायचा असल्याने चकतीवर विद्युतरोधक थर द्यावा लागतो आणि चार सूक्ष्म विद्युताग्रे त्या भोकापर्यंत आणावी लागतात. मग निष्क्रिय वायूच्या पेटीत, हातमोजे घालून, सूक्ष्मदर्शकाखाली सुईच्या टोकाने लॅन्थॅनमचा कण उचलून ठेवायचा आणि उरलेल्या जागेत अमोनिया बोरेन भरायचे. तापवल्यावर तेच हायड्रोजन सोडते. धातूच्या त्या कणाला पेटीबाहेरची हवा लागली, तर त्याचे ऑक्साइड होते आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागते. यानंतर दाब चढवायचा, लेझरने तापवायचे आणि क्ष-किरणांनी पाहायचे की नेमके काय बनले. पुष्कळदा दोन-तीन हायड्राइडे एकत्र बनलेली असतात. आमच्याकडे मागच्या वर्षी एका उमेदवारासाठी ओळीने चार भरण्या झाल्या. दोन वेळा विद्युताग्र तुटले, एकदा हिरा तडकला, आणि चौथ्या वेळी जे बनले ते आम्हाला हवे असलेले संयुग नव्हते. त्या सहा महिन्यांत दुसरे काही करता आले नाही. क्रमवारीतल्या एका चुकीच्या क्रमांकाची किंमत एवढी असते.

त्यामुळे माझी विनंती अशी की, सुलभतेच्या रकान्यात नेमके प्रश्न असावेत. सुरुवातीचा कच्चा माल काय आहे? तो हवेत टिकतो का? हायड्रोजन वेगळा पुरवावा लागतो की कच्च्या मालातच आहे? वाटेत एखादे अतिस्थिर हायड्राइड बनून पुढची अभिक्रिया अडते का? आणि तीन मूलद्रव्ये असतील, तर त्यांतल्या दोन धातूंचे योग्य प्रमाणातले मिश्रधातू आधी मिळते का?

तांबडफुटी

चर्चा आवडली. एक भर घालतो. २०२३ च्या मार्चमध्ये नायट्रोजन मिसळलेल्या ल्युटेशियम हायड्राइडबद्दल 'नेचर'मध्ये दावा आला होता : २९४ केल्विन, तोही अवघ्या १ गिगापास्कलला. वरच्या सूत्रात घालून पाहिले तर निर्देशांक ७.५ येतो, म्हणजे येथे उल्लेख झालेल्या प्रत्येक पदार्थाच्या कितीतरी वर. तो निबंध त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये मागे घेतला गेला. त्याआधी कार्बन, सल्फर आणि हायड्रोजनच्या संयुगाचा २०२० चा, २८७ केल्विनचा निबंधही सप्टेंबर २०२२ मध्ये मागे घेतला गेला होता. सूत्राला पुरावा दिसत नाही. त्याला फक्त दोन आकडे दिसतात. तेव्हा मोजलेल्या पदार्थांच्या यादीत येण्यासाठी काय किमान पुरावा हवा, हेही ठरवावे.

सह्यवेडी

@तांबडफुटी, पूर्ण सहमत. माझ्या मते किमान अपेक्षा चार. वीजरोध शून्यावर यावा. चुंबकीय क्षेत्र वाढवले की संक्रमण तापमान खाली सरकावे. हायड्रोजनच्या जागी ड्यूटेरियम (हायड्रोजनचेच जड रूप) घातल्यावर तापमान कमी व्हावे. सल्फर हायड्राइडमध्ये ते २०३ वरून १५० केल्विनच्या आसपास उतरले होते, आणि अणुकंपनेच याच्या मुळाशी आहेत याचा तो सर्वांत भरवशाचा पुरावा होता. चौथी आणि सर्वांत महत्त्वाची अपेक्षा म्हणजे दुसऱ्या, स्वतंत्र प्रयोगशाळेत तेच दिसावे. कच्ची मोजमापे खुली असावीत, हे वेगळे सांगायला नको.

अनाहत

सह्यवेडी यांचा गुणाकाराचा मुद्दा मला पटला आहे. कोणतीही पद्धत स्वीकारण्याआधी तिची एक परीक्षा घेता येते : आपण २०१४ सालात आहोत असे धरायचे आणि तेव्हा उपलब्ध असलेल्या गणितांवर क्रमवारी लावून पाहायची.

त्या वेळी दोन उमेदवार समोर होते. कॅल्शियम हेक्साहायड्राइडचे भाकीत २०१२ चे होते : १५० गिगापास्कलला २२० ते २३५ केल्विन. सल्फर हायड्राइडचे भाकीत २०१४ चे, चीनच्या चिलिन विद्यापीठातले : २०० गिगापास्कलला १९१ ते २०४ केल्विन. वरच्या टोकाचे आकडे घेतले, तर कॅल्शियमच्या संयुगाचा निर्देशांक १.५२ आणि सल्फरच्या संयुगाचा बरोबर १.०० येतो. निव्वळ निर्देशांकावर चाललेल्या कोणत्याही प्रयोगशाळेने कॅल्शियम आधी घेतले असते. घडले काय? सल्फर हायड्राइड पुढच्याच वर्षी सिद्ध झाले, आणि कॅल्शियम हेक्साहायड्राइड तयार व्हायला २०२२ उजाडले.

यात गणिताची चूक नव्हती. कॅल्शियमचे भाकीत शेवटी जवळपास खरे ठरले. तापमान २१५ केल्विन निघाले. फरक पडला तो सह्यवेडी यांनी विचारलेल्या प्रश्नांमुळे. हायड्रोजन सल्फाइड हा वायू थंड करून हिऱ्यांमध्ये भरता येतो, आणि दाबाखाली तो स्वतःच मोडून त्यातून हायड्रोजनने अधिक समृद्ध असे हवे ते संयुग बनते. हायड्रोजन वेगळा आणावा लागत नाही. कॅल्शियम मात्र अतिशय क्रियाशील धातू, आणि त्याचे साधे डायहायड्राइड इतके स्थिर की अभिक्रिया तेथेच अडकून बसते. १६० ते १९० गिगापास्कल आणि सुमारे २००० केल्विन एवढी मजल मारावी लागली, तेव्हा पुढचे संयुग मिळाले. म्हणजे २०१४ मध्ये सुलभतेच्या अवयवाने गुणिले असते, तर क्रम बरोबर लागला असता. माझ्या दृष्टीने हा या धाग्यातला सर्वांत भक्कम पुरावा आहे.

कोरा कागद

मी शीतकरणाच्या क्षेत्रात काम करतो; हायड्राइडचा अभ्यासक नाही. वापराच्या बाजूने एक शंका मांडतो. या निर्देशांकात तापमान सलग वाढते, पण आमच्यासाठी ते पायऱ्यांनी वाढते. ७७ केल्विनच्या वर गेलो की द्रव नायट्रोजन चालतो. खाली राहिलो की हेलियम किंवा यांत्रिक शीतक लागतो. ७० आणि ९० केल्विन यांच्यातला फरक आम्हाला १५० आणि २५० मधल्या फरकापेक्षा मोठा वाटतो. दाबाचेही तसेच आहे. तारेचे वेटोळे करायचे असेल, तर १०० गिगापास्कल काय आणि १० काय, दोन्ही अशक्यच. रुग्णालयांतल्या एमआरआय यंत्रांत आजही नायोबियम-टायटेनियम वापरतात. त्याचे संक्रमण तापमान १० केल्विनच्या आत आहे, पण त्याची तार ओढता येते. तेव्हा 'वापरासाठी' आणि 'समजून घेण्यासाठी' अशा दोन वेगळ्या याद्या केल्या, तर दोन्ही बाजूंची ओढाताण टळेल, असे वाटते.

अनाहत

@कोरा कागद, दोन याद्यांची सूचना योग्य आहे. वापराच्या यादीत सध्या दाबाशिवाय टिकू शकणारेच उमेदवार घ्यावेत आणि त्यांत सर्वांत चर्चेतला आहे दोन मॅग्नेशियम, एक इरिडियम आणि सहा हायड्रोजन अणूंचा. त्याचीही गंमत पाहण्यासारखी आहे. २०२४ मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे त्याचे गणित प्रसिद्ध केले. एकाचे उत्तर १६० केल्विन, दुसऱ्याचे ८० च्या आसपास. निर्देशांक एकदा ४.१ आणि एकदा २ च्या जवळ. कोरा कागद यांची ७७ केल्विनची पायरी या पट्ट्याच्या खालच्या टोकालाच टेकलेली आहे. म्हणून पट्ट्याचे खालचे टोक धरून क्रम लावावा, असे माझे ठाम मत आहे. वरचे टोक धरले की सर्वांत अनिश्चित उमेदवारच नेहमी पहिला येतो.

चाळणीसाठी एक स्वस्त साधनही आहे. बेली, एरेआ आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये शंभराहून अधिक हायड्राइडांवरून दाखवले की, इलेक्ट्रॉनांचे बंध-जाळे संपूर्ण स्फटिकभर किती सलग पसरले आहे, हायड्रोजनचा वाटा किती आहे आणि वहनात भाग घेणाऱ्या इलेक्ट्रॉन-अवस्थांत हायड्रोजनचा हिस्सा किती आहे, एवढ्यावरून संक्रमण तापमानाचा अंदाज बांधता येतो. त्यात सुमारे ६० केल्विनची चूक असते. त्यामुळे क्रम लावायला हे साधन अपुरे आहे, पण महागडे गणित कोणावर करायचे हे ठरवायला पुरेसे आहे.

मेघमल्हार (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. माझी १०० गुणांची बेरीज मी मागे घेतो. सुधारित पद्धत आता अशी लिहून ठेवली आहे. बंध-जाळ्याच्या चाळणीतून उतरलेल्या उमेदवारालाच पुढचे गणित. निर्देशांक तयार होण्याच्या दाबावर काढायचा आणि पट्ट्याचे खालचे टोक घ्यायचे. त्याला बनण्याच्या शक्यतेने गुणायचे. ही शक्यता सह्यवेडी यांच्या पाच प्रश्नांवरून दोन प्रयोगकर्त्यांनी एकमेकांचे न पाहता द्यायची. मग प्रयोगाला लागणाऱ्या आठवड्यांनी भागायचे. मोजलेले आणि न मोजलेले पदार्थ कधीही एका यादीत नाहीत.

या पद्धतीने लिथियम-मॅग्नेशियमचे संयुग तळाशी गेले. समजून घेण्याच्या यादीत लॅन्थॅनम-बेरिलियमसारख्या रचनेची इतर त्रिघटकी संयुगे वर आली, कारण त्या कुटुंबातले एक संयुग प्रत्यक्ष बनले आहे. बेरिलियमची धूळ फुप्फुसांना घातक असल्याने त्याच्याऐवजी दुसरे मूलद्रव्य असलेले उमेदवार मी आधी घेतले आहेत.

वापराच्या यादीत मॅग्नेशियम-इरिडियमचा उमेदवार पहिला राहिला, तोही पट्ट्याच्या खालच्या टोकाचे गुण धरून. शक्यतेला मी स्वतः दहात एक एवढेच धरले. त्याला वर ठेवले ते भाजकाने : येथे शंभर गिगापास्कलची गरज नाही. पाच हायड्रोजनवाले त्याचे भावंड २०२४ मध्येच तयार झाले आहे. ते वीजरोधक आहे, पण त्याची जाळी जवळपास तीच आहे. दुसरी सुचवलेली वाट सात हायड्रोजनच्या संयुगातून जाते, आणि तिला १५ गिगापास्कलच्या वरचा दाब पुरतो. एवढ्या दाबाला हिऱ्यांची टोके मोठी ठेवता येतात.

@सह्यवेडी, पाचात सहावा हायड्रोजन घालणे आणि सातातून एक काढणे, यांपैकी कोणत्या वाटेला आपण जास्त शक्यता द्याल? तक्त्यात त्या दोन वेगळ्या ओळी म्हणून घातल्या आहेत.

सह्यवेडी

काढण्याच्या वाटेला. दाब उतरवताना सावकाश तापवत गेले, तर हायड्रोजन टप्प्याटप्प्याने बाहेर पडतो, आणि प्रत्येक टप्प्यावर थांबून क्ष-किरणांनी जाळीचे माप घेता येते. घालण्याच्या वाटेत सहावा अणू रिकाम्या जागी बसला की नाही, हे क्ष-किरणांना नीट दिसत नाही, कारण इरिडियमपुढे हायड्रोजन त्यांना जवळपास अदृश्यच असतो. माझा आकडा दोन्ही ओळींसाठी मी व्यक्तिगत निरोपाने पाठवते, म्हणजे दुसऱ्या प्रयोगकर्त्याला तो आधी दिसणार नाही.